कर वाढवायचेच असतील तर ते भरायचे कोणी?

मधली फळी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो. जगात कुठेही बघा, बजेट जवळ आलं की तेच ऐकू येतं, कर्ज वाढलंय, वयस्कर लोक वाढलेत, संरक्षण महागलंय, तेव्हा कर वाढवावे लागतील. ठीक आहे, पैसा झाडाला लागत नाही हे मलाही कळतं. पण दर वेळी हात कोणाच्या खिशात जातो? ज्याचा कर पगार खात्यात पडायच्या आधीच कापला जातो त्याच्या. त्याला ना लपवता येत, ना पुढे ढकलता येत, ना परदेशात नेऊन ठेवता येत. ज्यांच्याकडे खरा पैसा आहे त्यांच्याकडे सल्लागार आहेत, ट्रस्ट आहेत, कंपनीच्या पोटात कंपन्या आहेत. माझा कर भरायला विरोध नाही, शाळा दवाखाने रस्ते त्यातूनच होतात. मला राग येतो तो चोर सोडून संन्याशाला फाशी या प्रकाराचा. माझं मत सरळ आहे, पुढची वाढ पगारावर नको, संपत्तीवर हवी. तुमचं काय? पक्षांची धुणी इथे धुवू नका एवढीच विनंती.

चिमणीताई
धाग्याशी सहमत, पण "खरा पैसा" म्हणजे नक्की किती हे ठरवलं पाहिजे. मला वाटतं प्रत्येकाला आपल्यापेक्षा एक पायरी वरचा माणूस श्रीमंत वाटतो.

खडूफळा
मधली फळी, तुम्ही म्हणताय ते पगारातून आधीच कापणं काही फार जुनं नाही. आयकर स्वतःच युद्धाचं अपत्य आहे. ब्रिटनने १७९९ मध्ये फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी लावला, १८१६ ला लोकांनी काढायला लावला, १८४२ मध्ये तो परत आला आणि मग कायमचा बसला. दुसऱ्या महायुद्धात पैसा तातडीने हवा होता म्हणून अमेरिकेने १९४३ मध्ये आणि ब्रिटनने १९४४ मध्ये पगारातून थेट कापायला सुरुवात केली. युद्ध संपलं, कापणं राहिलं. सरकारला ते सोयीचं आहे कारण मालक फुकटात वसुली करून देतो आणि कामगाराच्या हातात पूर्ण पगार कधी येतच नाही त्यामुळे तो गेल्याचं दुःखही कमी होतं. वर्षातून एकदा सगळ्यांना स्वतःच्या हाताने पूर्ण रक्कम भरायला लावली तर करांवरची चर्चा एका रात्रीत बदलेल.

गल्लेवाला
पगारदार मंडळींना वाटतं कर फक्त तेच भरतात. आमची बाजूही ऐका. गिऱ्हाईक उधारीवर माल नेतं, पैसे तीन-चार महिन्यांनी देतं, पण विक्रीवरचा कर मला ठरल्या तारखेला भरावाच लागतो, म्हणजे जे पैसे माझ्याकडे आलेच नाहीत त्यावरचा कर मी खिशातून भरतो. सरकारसाठी वसुली मी करायची, कागद मी ठेवायचे, पोर्टल बंद पडलं तरी दंड मला. परतावा अडकला की महिनोन् महिने चकरा. मोठ्या कंपनीला हे सगळं बघायला अख्खा विभाग असतो, माझ्याकडे मी आणि बायको. दर किती यापेक्षा तो भरताना किती जीव जातो हे सुद्धा मोजा.

मधली फळी
गल्लेवाला, मान्य आहे, लहान धंदेवाला माझ्या मते माझ्याच बाजूला आहे, समोरच्या बाजूला नाही.

आडवातिडवा
मला एक कळत नाही, बऱ्याच देशांत आयकर भरणारे मूठभर आणि सोयीसुविधा वापरणारे सगळे. जो एक पै भरत नाही तोच सगळ्यात मोठ्याने फुकट योजना मागतो. कर भरणाऱ्यांनाच बजेटबद्दल बोलायचा हक्क असला पाहिजे.

चिमणीताई
आडवातिडवा, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आज नीट उत्तर देतेच. माझं उत्पन्न आयकराच्या मर्यादेच्या खाली आहे, घरी शिकवण्या घेते, आजारी आईचं सगळं करते. म्हणजे तुमच्या हिशोबात मी शून्य. पण मी विकत घेतलेल्या साबणावर, आईच्या डायपरवर, फोनच्या रिचार्जवर, बसच्या डिझेलवर, सगळ्यावर कर आहे आणि तो मी दर दिवशी भरते, कोणी मला पावतीवर आभार लिहून देत नाही. आईची काळजी मी घेते म्हणून सरकारला तिच्यासाठी एक खाट कमी लागते, ते कोणत्याच तक्त्यात धरत नाहीत. तेव्हा बोलायचा हक्क मला आहे आणि मी बोलणार.

निवृत्त नाना
चिमणीताई, शाब्बास. अगदी मनातलं बोललात.

हिशोबनीस
मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या. चिमणीताई म्हणतात ते आकड्यात मांडून दाखवतो. समजा एकाची कमाई १०० आहे आणि त्यातले ९५ घरखर्चातच जातात. दुसऱ्याची कमाई १००० आहे, तो ३०० खर्च करतो, उरलेले गुंतवतो. खर्चावर १० टक्के कर लावला तर पहिला साडेनऊ भरतो, म्हणजे कमाईच्या साडेनऊ टक्के. दुसरा ३० भरतो, म्हणजे कमाईच्या ३ टक्के. पावतीवर दर दोघांना सारखाच दिसतो, भार मात्र गरिबावर तिप्पट. म्हणून फक्त आयकर बघून "कोण भरतं" हे ठरवणं चूक आहे.

दुसरी गोष्ट, कायदा ज्याचं नाव लिहितो तोच कर सोसतो असं नसतं. कंपनीवर कर लावला तर तो शेवटी भागधारकाच्या लाभांशातून जाईल, कामगाराच्या न झालेल्या पगारवाढीतून जाईल किंवा ग्राहकाच्या बिलातून जाईल, किती कुठून हे कोणाला पळता येतं आणि कोणाला येत नाही यावर ठरतं. ज्याला पर्याय नाही त्याच्यावर भार येऊन बसतो. पगारदाराला नोकरी सोडून जाता येत नाही, आजाऱ्याला औषध टाळता येत नाही, भांडवल मात्र एका क्लिकवर देश बदलतं. मधली फळी यांचा राग योग्य जागी आहे, फक्त उपाय ते म्हणतात तितका सोपा नाही.

निवृत्त नाना
टाळता येत नाही यावरून मीठ आठवलं. १९३० ला गांधीजींनी मीठच का निवडलं? जमीन महसूल होता, दारू होती, कितीतरी विषय होते. पण मीठ असं की श्रीमंत गरीब सगळ्यांना साधारण सारखंच लागतं, उन्हात घाम गाळणाऱ्याला तर जास्तच, त्यामुळे त्यावरचा कर सगळ्यात जास्त राबणाऱ्यालाच सगळ्यात जास्त बोचतो. हे ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही कळलं. फ्रान्समध्येही राजाचा मिठावरचा कर लोकांच्या इतका डोक्यात बसला होता की क्रांती झाल्यावर १७९० मध्ये तो काढावाच लागला. कर किती यापेक्षा तो कशावर आहे यावर माणसं जास्त चिडतात असं माझं मत आहे.

काजवा
नाना, मस्त प्रतिसाद. यात अजून एक भर, इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत घराच्या खिडक्या मोजून कर घ्यायचे! लोकांनी काय केलं, खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. अजूनही तिथल्या जुन्या घरांवर बुजवलेल्या खिडक्या दिसतात.

गल्लेवाला
काजवा, हळू बोला, कोणीतरी नवीन कर शोधत असेल. :)

खडूफळा
हसू आलं, पण खिडकीमागचा विचार वाईट नव्हता. मोठं घर म्हणजे जास्त खिडक्या म्हणजे जास्त श्रीमंत, आणि बाहेरून मोजता येतं, घरात शिरून कमाई विचारायला नको. बिघडलं कुठे, तर गरिबांच्या मोठ्या चाळवजा इमारतींनाही खूप खिडक्या असायच्या, मालकाने त्या बुजवल्या आणि भाडेकरू अंधारात, कोंदट हवेत राहिले. कर मालकावर, श्वास भाडेकरूचा कोंडला. हिशोबनीस यांचा मुद्दा याहून चांगला कोणी समजावू शकणार नाही.

उलटतपासणी
सगळे भावनेत वाहून चाललेत म्हणून थोडा विदा (डेटा) देतो. संपत्ती कर हा प्रयोग करून झालेला आहे. १९९० मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या १२ देशांत निव्वळ संपत्तीवर वार्षिक कर होता, २०१७ पर्यंत ४ उरले. स्वीडन, ज्याला सगळे समतेचा आदर्श मानतात, त्याने २००७ मध्ये काढला, वारसा कर तर त्याच्याही आधी. भारताने २०१५ च्या बजेटमध्ये काढला कारण गोळा होणारी रक्कम क्षुल्लक आणि डोकेदुखी मोठी. नॉर्वेने अलीकडे दर वाढवला तर काही अतिश्रीमंत सरळ स्वित्झर्लंडला राहायला गेले. न विकलेल्या शेअर्सची, चित्रांची, खाजगी कंपनीची किंमत दर वर्षी कोण ठरवणार? ज्याच्याकडे मालमत्ता आहे पण हातात रोकड नाही त्याने काय विकायचं? "श्रीमंतांवर लावा" म्हणायला सोपं आहे, जमलं असतं तर इतक्या देशांनी सोडलं नसतं.

काजवा
आयकराच्या दरांचंही तेच. अमेरिकेत १९४४ ला वरचा दर ९४ टक्के होता, पन्नासच्या दशकात ९१. भारतात १९७३-७४ मध्ये अधिभार धरून ९७.७५ टक्के. शंभरातले सव्वादोन हातात. प्रामाणिकपणे कोण दाखवेल मग उत्पन्न?

सांजवेळ
उलटतपासणी, आकडे बरोबर आहेत पण त्यांचा अर्थ मला वेगळा लागतो. ते जुने संपत्ती कर मधल्या थरालाच लागायचे आणि वरच्यांसाठी त्यात भोकं ठेवलेली असायची, एखादी मालमत्ता वगळ, धंद्यातला हिस्सा वगळ, असं करत करत जो खरोखर श्रीमंत तो सुटायचा आणि दोन घरं असलेला डॉक्टर सापडायचा. शिवाय तेव्हा बँकांची गुप्तता होती. २०१७ पासून शंभरच्या आसपास देश एकमेकांना खात्यांची माहिती आपोआप द्यायला लागलेत, हे त्या काळी नव्हतं. २०२४ मध्ये ब्राझीलकडे जी-२० या मोठ्या अर्थव्यवस्थांच्या गटाचं अध्यक्षपद असताना एक प्रस्ताव मांडला गेला, अब्जाधीशांनी त्यांच्या संपत्तीच्या किमान २ टक्के इतका तरी कर दर वर्षी भरावा. जगात अशी माणसं सुमारे ३०००, आणि त्यातून वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलर येऊ शकतात असा अंदाज होता. तीन हजार! एवढी माणसं एका लग्नाच्या हॉलमध्ये मावतील.

आणि हे लोक कर चुकवतात असंही नाही, कायद्यातच राहतात. शेअर्स विकायचेच नाहीत, म्हणजे उत्पन्न झालंच नाही, शेअर्स तारण ठेवून कर्ज काढायचं आणि त्यावर आयुष्य काढायचं. कर्ज हे उत्पन्न नसतं म्हणून कर नाही. शेअर्स वारसाने मुलांकडे जाताना काही देशांत तर मधली सगळी वाढ करासाठी पुसलीच जाते. नर्सच्या ओव्हरटाइमवर कर पहिल्या महिन्यापासून आणि यांच्यावर कधीच नाही. मला हे पटत नाही आणि पटवून घ्यायचंही नाही.

उलटतपासणी
सांजवेळ, एका देशाने लावला तर ते तीन हजार दुसऱ्या देशात बसतील. सगळे देश एकत्र आले तरच, आणि सगळे कधी एकत्र येतात?

हिशोबनीस
कधी कधी येतात. कंपन्यांच्या बाबतीत २०२१ च्या ऑक्टोबरात १३० हून जास्त देशांनी १५ टक्के किमान कराला मान्यता दिली, ७५ कोटी युरोच्या वर वार्षिक उलाढाल असलेल्या कंपनी-गटांसाठी. त्यातली मेख अशी की एखाद्या देशाने कमी घेतला तर उरलेला फरक दुसरा देश वसूल करू शकतो, म्हणजे कमी कर लावून कंपन्यांचं स्वस्त बंदर व्हायचा मोह कमी होतो. आयर्लंडचा साडेबारा टक्के दर किती वर्षं अढळ होता, त्यांनीही मोठ्यांसाठी १५ केला. अंमल अर्धवट आहे, पळवाटा आहेत, मोठे देश सवलती मागतात, पण "अशक्य" हा शब्द आता वापरता येत नाही.

खडूफळा
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. दर न वाढवता कर वाढवणं. करमुक्त मर्यादा तशीच ठेवायची आणि महागाईला तिचं काम करू द्यायचं. पगार महागाईइतकाच वाढला, म्हणजे माणूस तिथेच आहे, पण कागदावर वरच्या टप्प्यात गेला. ब्रिटनमध्ये २०२१ पासून करमुक्त मर्यादा १२,५७० पौंडांवर गोठवलेली आहे. कोणी भाषण केलं नाही, कोणी मोर्चा काढला नाही, पण लाखो लोक आपोआप जास्त भरायला लागले. मला हा सगळ्यात अप्रामाणिक प्रकार वाटतो कारण यावर कोणी उघड मत देत नाही. वाढवायचा तर सांगून वाढवा.

निवृत्त नाना
सांगून वाढवला तरी काय होतं तेही बघा. ब्रिटनमध्येच १९९० ला डोकी मोजून कर लावला, स्कॉटलंडमध्ये एक वर्ष आधी. एकाच भागात बंगलेवाल्याने आणि सफाई कामगाराने सारखीच रक्कम भरायची. ३१ मार्चला लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात दंगल झाली, असंख्य लोकांनी भरायलाच नकार दिला, नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान थॅचरबाईंना खुर्ची सोडावी लागली. त्याला बाकीही कारणं होती, पण हे मोठं. त्याच देशात १३८१ ला असल्याच करावरून शेतकऱ्यांचं बंड झालं होतं, सहाशे वर्षांनी परत तेच.

फ्रान्सचं २०१८ तर डोळे उघडणारं आहे. वर्षाच्या सुरुवातीला संपत्ती कर काढून फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला आणि त्याच वर्षी इंधनावरचा कर वाढवत नेला. पर्यावरणासाठी म्हणे. शहरातल्याला मेट्रो आहे, गावाकडच्याला कामावर जायला गाडीच लागते. वड्याचं तेल वांग्यावर. नोव्हेंबरात पिवळी जॅकेटं घालून लोक चौकाचौकात बसले आणि पुढची वाढ मागे घ्यावी लागली. केनियात २०२४ च्या जूनमध्ये तरुण पोरं संसदेत घुसली, कितीतरी जीव गेले, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी करवाढीच्या विधेयकावर सही करायला नकार दिला. सुरुवातीच्या मसुद्यात पावावरसुद्धा कर होता.

चिमणीताई
नाना, केनियाचं वाचून अंगावर काटा आला. पोरांनी जीव द्यायच्या आधी हिशोब नाही का करता येत कोणाला.

आडवातिडवा
चिमणीताई, तुमच्या मुद्द्याचा मी विचार केला, रोजच्या वस्तूंवरच्या कराबद्दल तुमचं पटतं. पण माझी मूळ तक्रार खर्चाबद्दल आहे. आधी उधळपट्टी थांबवा मग कर मागा. गळक्या बादलीत अजून पाणी ओतून काय होणार?

हिशोबनीस
आडवातिडवा, खर्चाचा मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच नॉर्डिक देशांकडे बघावं. तिथे कर फक्त श्रीमंत भरतात हा गैरसमज आहे. डेन्मार्कमध्ये वस्तूंवर २५ टक्के, त्यातही कमी दराचा वेगळा टप्पाच नाही. स्वीडन, नॉर्वेतही मुख्य दर २५. मी वर म्हटलं तसा हा कर गरिबाला जास्त लागतो, तरीही लोक सहन करतात कारण पाळणाघर, शिक्षण, दवाखाना, म्हातारपण यातून बराचसा पैसा परत त्यांच्याच घरात येतो, आणि येताना दिसतो. नॉर्वेत तर कोणाचं करपात्र उत्पन्न किती हे पाहता येतं, फक्त तुम्ही कोणाचं पाहिलं ते त्यालाही कळतं. स्वित्झर्लंडमध्ये २०२२ ला लोकांनी स्वतः मतदान करून वस्तूंवरचा कर वाढवायला होकार दिला, पेन्शन टिकावी म्हणून. ७.७ चा ८.१ झाला. लोक करवेडे असतात असं नाही, पण पैसा कुठे जाणार हे आधी सांगितलं आणि विचारलं तर हो म्हणतात.

गल्लेवाला
हे मला पटलं. मला परतावा वेळेवर मिळाला असता तर मी अर्धा राग सोडला असता.

सांजवेळ
पळून जाण्याचा प्रश्न असेल तर जी पळत नाही तिच्यावर लावा, जमिनीवर. एस्टोनिया १९९३ पासून फक्त जमिनीच्या किमतीवर कर घेतो, त्यावर बांधलेल्या घरावर नाही. जमिनीची किंमत मालकाच्या कष्टाने वाढत नाही, शेजारी स्टेशन आलं, शाळा आली म्हणून वाढते, म्हणजे सगळ्यांच्या पैशाने वाढते. त्यातला वाटा परत घ्यायला काय हरकत आहे? मोकळी जमीन दाबून बसलेल्यालाही ती वापरावी लागेल.

निवृत्त नाना
सांजवेळ, हरकत आहे. माझ्यासारख्याने तीस वर्षांपूर्वी घेतलेलं घर, आजूबाजूला भाव चढले, पेन्शन तेवढीच. कागदावर मी श्रीमंत, हातात औषधापुरते पैसे. कॅलिफोर्नियात १९७८ ला नेमकं याच कारणाने लोक भडकले आणि मतदान करून मालमत्ता करावर मर्यादा घातली. आज तिथे जुना मालक नगण्य भरतो आणि शेजारी नवीन आलेलं तरुण जोडपं त्याच्या कितीतरी पट. म्हातारा वाचला, तरुण बुडाला.

सांजवेळ
नाना, त्यावर तोडगा आहे, उत्पन्न नसलेल्या वयस्करांचा कर घरावर नोंदवून ठेवायचा, घर विकलं जाईल किंवा वारसाकडे जाईल तेव्हा घ्यायचा. तुमच्या हयातीत कोणी दारात येणार नाही.

निवृत्त नाना
म्हणजे माझ्या मुलीच्या दारात येईल. पण खरं सांगायचं तर ती भरू शकेल, मी नाही. विचार करतो.

मधली फळी
सगळ्यांचे प्रतिसाद नीट वाचले. माझं मत अजूनही तेच आहे की पुढचा बोजा पगारावर आणि रोजच्या वस्तूंवर नको. पण उलटतपासणी आणि हिशोबनीस यांच्यामुळे मागणी जास्त नेमकी करता येतेय, नुसतं "श्रीमंतांवर लावा" नाही तर तारण कर्जाची पळवाट बंद करा, करमुक्त मर्यादा महागाईशी बांधा, आणि जमिनीच्या वाढीव किमतीतला वाटा घ्या. हिशोबनीस, एक विचारतो, कोणाला किती सवलत दिली गेली हे सामान्य माणसाला कुठे बघता येतं?

हिशोबनीस
बऱ्याच देशांत बजेटच्या कागदांसोबत सवलतींमुळे सोडून दिलेल्या महसुलाचं विवरणपत्र येतं, भारतातही येतं. पहिली पानं कंटाळवाणी असतात पण मागचे तक्ते बघा, कंपन्यांना कोणत्या कलमाखाली किती सोडलं आणि व्यक्तींना किती, रांगेने दिलेलं असतं. बजेटच्या दिवशी टीव्हीवर यावर मिनिटभरही चर्चा होत नाही. या वेळचं आलं की मी इथे तक्ते उलगडून लिहीन.

उलटतपासणी
लिहा. मी पण बसतो सोबत, त्यातली निम्मी कलमं लोकांना वाटतात तशी नसतात.

चिमणीताई
आणि ज्या वस्तूंवरचा कर आम्ही रोज भरतो त्याचाही एक तक्ता करा हिशोबनीस, मी घरखर्चाची वही देते.